जुनी फायबरची शिडाची बोट: मे ते ऑक्टोबर, कोणतं काम कधी

मुंबई बंदरात किंवा कोकण किनाऱ्यावर शिडाची बोट ठेवणाऱ्याची अडचण युरोपातल्या बोटमालकाच्या नेमकी उलट असते. तिकडे बोट थंडीत पाण्याबाहेर निघते, वसंतात हवा कोरडी होत जाते आणि बूड वाळायला मदत होते. आपल्याकडे बोट पावसाच्या धास्तीने मेमध्ये वर काढायची आणि मग चार महिने ती जमिनीवर उभी, तीही वर्षातल्या सगळ्यात ओल्या हवेत. तिकडची माहिती वाचून ‘बोट वर आहे तोवर इपॉक्सीचं (दोन द्रव्यं कालवून लावायच्या, पाणी अडवणाऱ्या राळेचं) उरकून घेऊ’ म्हणत कुणी जुलैत बूड घासायला घेतलं, तर तो रंग वर्षभरात पापुद्रे धरून सुटतो. म्हणून इथला क्रम पंचांगावर बेतलेला आहे. मेमध्ये बूड घासून उघडं करायचं, पावसात इंजिन, कॉक (बुडातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) आणि डोलकाठीच्या तारा बघायच्या, आणि ऑक्टोबरात इपॉक्सी आणि रंग लावून बूड बंद करायचं. या सगळ्याला एकच अपवाद आहे डेकचा, तो पुढे येईल.

हिशेबासाठी एक बोट नजरेसमोर धरू: २६ फुटी, तीस-चाळीस वर्षं जुनी, फायबरची. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा भराव, खाली बोल्टने बसवलेला बिडाचा वजनदार कणा, म्हणजे कील, आत १०-१५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. बाजारात जुनी म्हणून मिळणारी बोट साधारण अशीच असते.

पैसे देण्याआधी

बोट पाण्यात असताना सौदा पक्का करू नका. वर काढायचा खर्च घेणाऱ्याने केला तरी तो वसूल होतो, कारण कीलचा जोड फक्त क्रेनच्या पट्ट्यांवर लटकताना खरं बोलतो. बोट जमिनीवर टेकली की सगळं वजन कीलवर येतं आणि जोडातली फट मिटून जाते. लटकत असतानाच कीलच्या पुढच्या टोकापाशी जोडावर भेग दिसते का, तिथून गंजाचं तांबूस पाणी ओघळतं का, ते पाहा. एकाने कीलचं खालचं टोक दोन्ही हातांनी आडवं ढकलावं आणि दुसऱ्याने जोडावर हाताचं बोट ठेवावं. बोटाला हालचाल जाणवली तर बोल्ट सैल आहेत किंवा आतून झिजलेत. मग आत जाऊन बुडातल्या फळ्या उचला आणि कीलच्या बोल्टांचे नट पाहा. वरचा नट गंजलेला असला तरी बोल्ट शाबूत असू शकतो, आणि उलटही होतं: नट चकचकीत, पण बीड आणि फायबर यांच्या सांध्यात बोल्ट कमरेत बारीक झालेला. शंका असेल तर एक बोल्ट काढून बघण्याची अट सौद्यातच घाला.

डेकसाठी प्लास्टिकच्या तोंडाचा हलका हातोडा घ्या आणि दर दहा सेंटिमीटरवर ठोकत चला. शाबूत डेक ‘टक्’ असा कोरडा, वरचा सूर देतो, भराव कुजलेला असेल तिथे ‘बद्द’ आवाज येतो. कुजायला सुरुवात नेहमी भोकांपाशी होते: कठड्याच्या खांबांचे बोल्ट, दोर बांधायच्या खुंट्या, डोलकाठीचा पाया आणि तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्यांच्या खाचा. हाताच्या पंजाएवढे दोन-चार डाग निघाले तर बोट घ्यायला हरकत नाही. अर्धं डेक बद्द वाजलं तर सोडून द्या, किंमत कितीही कमी असो. डेकचा वरचा थर कापून नवा भराव घालण्याचं काम हौशी माणसाचे दोन हंगाम खातं.

सुकाणूच्या पात्याच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ५ मिलिमीटरचं भोक पाडायची परवानगी मागा. तपकिरी पाणी टपकलं तर आतले वेल्ड केलेले स्टीलचे हात गंजत आहेत. शिडं, गाद्या आणि पडदे शेवटी पाहा. विकणाऱ्याने नेमके तेच नवे केलेले असतात.

कागदांत मालकीची साखळी, नोंदणी, आणि बोट परदेशी असेल तर सीमाशुल्क भरल्याचा पुरावा हे तीन हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंजिनावर कोरलेला नंबर कागदाशी जुळवा. महाराष्ट्रात विचारायचं ठिकाण म्हणजे मेरिटाइम बोर्ड.

वर काढण्याचा दिवस

तारीख १५ मेच्या आत ठेवा. ‘पाऊस जूनमध्ये येतो’ हा हिशेब पुरेसा नाही. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलं, आणि निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. शिवाय मेचे शेवटचे दोन आठवडे बुडाच्या वाळण्यासाठी सोन्यासारखे असतात.

बोट वर आली की पहिल्या तासात बूड धुवा. कालवं आणि बार्नॅकल ओली असताना प्लास्टिकच्या पात्याने निघतात. दुसऱ्या दिवशी त्यांची चुनखडीची तळपट्टी सिमेंटसारखी धरून बसते. धुऊन झालं की लगेच, बूड ओलं असतानाच, फोड शोधा. हे फोड म्हणजे फायबरच्या थरात शिरलेल्या पाण्याने विरघळलेली आम्लं. बूड सुकू लागलं की ते बसतात आणि दोन दिवसांनी दिसेनासे होतात, म्हणून मेणाच्या पेन्सिलीने तेव्हाच गोल करून ठेवा. एखादा फोड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फोडा, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं आणि पिचकारी उडते. व्हिनेगरसारखा वास आला, बोटांना चिकट लागलं तर ते ऑस्मोसिस. नुसतं पाणी निघालं तर बहुधा जुन्या रंगाचाच फुगा.

दहा-वीस फोड म्हणजे रोग नव्हे. ते उघडा, उतार देऊन घासा, गोड्या पाण्याने रोज धुवा आणि उघडेच ठेवा. शेकड्याने असतील तर संपूर्ण जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) उतरवावा लागतो आणि ते काम एका मोसमात बसवायचा हट्ट धरू नये. ऑस्मोसिसने बोट बुडत नाही. घाईने केलेल्या उपचाराने मात्र ओल आत कोंडते, आणि तेच काम दोनदा करावं लागतं.

रंग घासताना कोरडा घासू नका. जुन्या अँटिफाउलिंगमध्ये, म्हणजे बुडाला कालवं-शेवाळ धरू नये म्हणून लावलेल्या रंगात, तांबं असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. पाण्याचा पॉलिश पेपर, ८० नंबर, आणि नाकावर कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी मास्कचा उपयोग नाही. खाली ताडपत्री अंथरा आणि गाळ गटारात सोडू नका.

दवबिंदूचा हिशेब

इपॉक्सी लावायची की नाही हे आभाळ बघून ठरत नाही, दवबिंदूवरून, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यावरून ठरतं. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर एक सोपा ठोकताळा चालतो: शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचाने भागा, आणि आलेला आकडा तापमानातून वजा करा. बुडाचा पृष्ठभाग या दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा.

मेच्या दुपारी ३४ अंश आणि ६० टक्के असेल तर दवबिंदू २६. सावलीतलं बूड ३३ अंशांवर, म्हणजे सात अंशांची मोकळीक. जुलैत २८ अंश आणि ९० टक्के: दवबिंदूही २६, पण बूड २८ वर. उरले दोन अंश, म्हणजे काम बंद. ऑक्टोबरच्या दुपारी ३३ आणि ५५ टक्के, दवबिंदू २४. नऊ अंश. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं घड्याळ बोटीखाली टांगून ठेवा. आणि मेमध्येसुद्धा दुपारी चारनंतर नवा थर लावू नका. सूर्य कलला की डेक उघड्या आकाशाखाली हवेपेक्षा लवकर गार होतं आणि अर्धवट सुकलेल्या इपॉक्सीवर दव बसतं.

असं दव बसलं किंवा हवा दमट असली की इपॉक्सीवर मेणासारखा बुळबुळीत थर येतो. तो अ‍ॅसिटोनने नीट निघत नाही, तो पाण्यात विरघळतो. म्हणून प्रत्येक सुकलेला थर आधी गोड्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवायचा, पुसायचा, मगच घासायचा. उलट केलं, म्हणजे आधी घासलं, तर तो थर पॉलिश पेपरने पृष्ठभागात रगडला जातो आणि वरचा रंग धरत नाही.

मेमधला अपवाद: डेक

बूड पावसाळाभर उघडं ठेवायचं, पण डेक जूनच्या आत बंद झालंच पाहिजे. जुलैत मुंबईत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे डेकच्या प्रत्येक चौरस मीटरवर एका महिन्यात ८०० लिटर. एक ढिला बोल्ट त्यातलं थोडंसं जरी आत घेत राहिला तरी ऑक्टोबरपर्यंत आजूबाजूचा भराव काळा पडतो.

कठड्याच्या एका खांबाचं उदाहरण घ्या, ८ मिलिमीटरचे बोल्ट. खांब काढा. बोल्टाचं भोक वरच्या थरातून आणि भरावातून १६ मिलिमीटरचं करा, खालचा थर मात्र जसाच्या तसा. छोटी अ‍ॅलन की ड्रिलमध्ये धरून भोकात फिरवा, तिचा वाकडा पाय आजूबाजूचा भराव कोरून काढतो. काय बाहेर येतं ते हातावर घेऊन पाहा: पांढरट कोरडा भुगा आला तर थांबा, तपकिरी ओला लगदा आला तर अजून कोरा. आता हीट गन हलक्या आचेवर, दिवसातून थोडी थोडी, तीन-चार दिवस. मेचं ऊन बाकीचं करतं. खालून भोकाला टेप लावा. आधी पातळ इपॉक्सी ओता, भराव ती पितो. अर्ध्या तासाने उरलेली काढून घ्या आणि मग कोलॉइडल सिलिका (घट्टपणा आणणारी बारीक पूड) घालून शेंगदाण्याच्या चटणीइतकी घट्ट केलेली इपॉक्सी भरा. दुसऱ्या दिवशी धुवा, घासा आणि त्याच्या मधोमध ८ मिलिमीटरचं भोक पाडा. भोकाच्या तोंडाला थोडा उतार द्या, म्हणजे सील करायच्या मालाला तिथे वळकटी होऊन बसायला जागा मिळते. आता सील सुटलं तरी पाणी घट्ट इपॉक्सीला भेटतं, लाकडाला नाही.

सील म्हणून ब्युटाइल टेप किंवा पॉलिसल्फाइड. सिलिकॉन नको, त्याचा अंश एकदा डेकवर राहिला की पुन्हा काहीच चिकटत नाही. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन फक्त जे कधीच उघडायचं नाही तिथे. खिडक्यांच्या अ‍ॅक्रिलिकला पॉलिसल्फाइड लावू नका, त्याने प्लास्टिक खराब होऊन त्याला तडे जातात.

उन्हाळ्यात इपॉक्सी कडक करणारं द्रव्य (हार्डनर) ‘स्लो’ प्रकारचंच घ्या. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांना वीस मिनिटं लिहिलं असेल तर ३५ अंशांना दहा धरा. एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. उभ्या डब्यात ती स्वतःच्याच उष्णतेने उकळून धूर सोडते. आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत: पॉलिस्टरसाठी बनवलेली चटई, म्हणजे तुकड्यांची चॉप्ड मॅट, इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचा गोंद पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट भिजत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

पावसाळा

बोटीखालचे टेकू किमान सहा, कीलखाली रेल्वेचे लाकडी स्लीपर, आणि प्रत्येक टेकूच्या पायाखाली प्लायवूडचा जाड तुकडा, कारण जून संपेपर्यंत जमीन लोण्यासारखी होते. समोरासमोरचे टेकू बोटीखालून साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर ते बाहेर सरकतात. ताडपत्रीचे दोर टेकूंना कधीही बांधू नका. वाऱ्यात ताडपत्री फडफडली की ती टेकू ओढून काढते, आणि कलंडलेल्या बोटींमागे हे कारण वारंवार निघतं. दोरांना पाण्याने भरलेले कॅन लटकवा.

डोलकाठी उतरवा. ताडपत्रीला मधोमध वाशाचा कणा द्या म्हणजे पाणी साचणार नाही, आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा. केबिन घट्ट बंद केली तर ऑगस्टमध्ये गाद्यांवर हिरवी बुरशी येते. गाद्या घरी न्या, कपाटांची दारं काढून ठेवा. बुडाचं निचऱ्याचं बूच काढून ते सुकाणूच्या दांड्याला बांधा, म्हणजे उतरवायच्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील.

आता पाण्याखालचे कॉक. प्रत्येकाच्या बाहेरच्या भागावर कानसीने एक ओरखडा मारा. पिवळा निघाला तर ठीक, गुलाबी-तांबूस निघाला तर पितळेतलं जस्त निघून गेलं आहे आणि उरलं आहे ते बिस्किटासारखं ठिसूळ तांबं. नळकामाच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवून कुणी पैसे वाचवले असतील तर तो आत्ताच काढा; गनमेटलचा किंवा जस्त न सोडणाऱ्या खास पितळेचा लावा. महत्त्व कळण्यासाठी आकडा पाहा: पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर असलेल्या ३८ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला सव्वाशे लिटरहून जास्त पाणी आत येतं. हाताने मारायचा पंप त्याच्या निम्मंही उपसत नाही. म्हणून प्रत्येक कॉकला त्याच्या मापाचं मऊ लाकडाचं निमुळतं बूच सुतळीने बांधून ठेवा. पाइपावर दोन-दोन क्लिपा, त्यांचे स्क्रूसुद्धा स्टेनलेसचे. बाजारात क्लिपची पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, हा प्रकार सर्रास मिळतो; स्क्रूला चुंबक लावून पाहा. पण चुंबकाने ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही, कुणी दुकानात तसं करून दाखवलं तरी.

इंजिनाचं तेल बोट वर काढण्याआधीच बदललेलं बरं. जुन्या तेलातली आम्लं चार महिने बेअरिंगवर बसून राहतात. ते राहिलं असेल तर आता करा. समुद्राच्या पाण्याचा पंप उघडा आणि रबरी इम्पेलर काढून ठेवा, कारण महिनोन्महिने एकाच जागी दुमडलेली पाती तशीच राहतात. जुन्या इम्पेलरची पाती मोजा. सहापैकी पाचच असतील तर सहावं पातं थंडाव्याच्या नळीत कुठेतरी अडकलं आहे, आणि ते सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. डिझेलची टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचंच पाणी होतं. फिल्टरच्या तळाची काच दर महिन्याला पाहा. काळा शेवाळी गाळ दिसला तर टाकीत जंतू वाढले आहेत, मग औषध टाकून भागत नाही, टाकी उघडून पुसावी लागते.

पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याची ग्लँड डोरी, म्हणजे दांडा बुडातून बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारी डोरी, बदलायला हीच वेळ. जुनी डोरी स्क्रूसारख्या हुकाने पूर्ण बाहेर काढा, एखादी कडी आत राहिली तर नवी नीट बसत नाही. बहुतेक जागी तीन-चार कड्या लागतात. डोरी दांड्याला गुंडाळून तिरपी कापा, प्रत्येक कडी वेगळी, आणि सांधे एकाखाली एक न ठेवता १२० अंशांनी फिरवत बसवा. नट हातानेच आवळा. बोट पाण्यात गेल्यावर दांडा फिरताना मिनिटाला चार-सहा थेंब पडले पाहिजेत. ‘गळतंय’ म्हणून तो अजून आवळला की डोरी जळते आणि दांड्यावर खाच पडते.

जमिनीवर असलेल्या डोलकाठीच्या तारा कापसाच्या बोळ्याने टोकापासून टोकापर्यंत पुसा. तुटलेली काडी कापूस धरते. एक जरी काडी तुटलेली निघाली तर ती तार बदला, आणि तिच्या जोडीची समोरचीही. दाबून बसवलेल्या टोकांवर भिंगातून केसासारख्या भेगा शोधा. खालची टोकं आधी जातात, कारण खारं पाणी ओघळून तिथे साचतं. तारा कधी बदलल्या त्याचा कागद नसेल आणि दिसायला दहा वर्षांच्या वाटत असतील तर सगळ्या बदला. २६ फुटी बोटीला बहुधा ५ मिलिमीटरची १९ काड्यांची तार असते, पण माप जुन्या तारेवर व्हर्निअर लावूनच घ्या. डेकमधून जाणाऱ्या पट्ट्या बाहेर ओढून पाहायच्याच. वरून आणि खालून त्या चकचकीत दिसतात, डेकच्या जाडीत ओलीला हवा मिळत नाही तिथे त्या कुरतडल्या जातात.

ऑक्टोबर: बंद करण्याची वेळ

नारळी पौर्णिमेला कोळ्यांच्या बोटी सुटतात म्हणून आपणही उतरायची घाई करू नका. त्यांच्या बोटी, त्यांचे तांडेल आणि त्यांचा अनुभव वेगळा. परतीचा पाऊस गेला, हवा कोरडी झाली की बुडावर ४५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवा, सावलीच्या बाजूला. चोवीस तासांनी आत थेंब दिसले तर बूड अजून ओलं आहे. आठवड्याने पुन्हा बघा. कोरडं निघालं की फोडांचे खड्डे भरा; पाण्याखाली इपॉक्सीत कालवायला सिलिका आणि काचेच्या सूक्ष्म फुग्यांची पूड चालते, तपकिरी फिनोलिक फुगे पाणी पितात.

संरक्षक इपॉक्सीचा थर सुकल्यावर किमान २५० मायक्रॉन हवा. बुडाचं क्षेत्रफळ काढायला पाण्यावरची लांबी गुणिले रुंदी अधिक खोली, आणि आलेल्या आकड्याचा पाऊण: ६.७ मीटर × (२.६ + १.४) × ०.७५, म्हणजे साधारण २० चौरस मीटर. त्यावर २५० मायक्रॉन म्हणजे सुकलेला ५ लिटर माल. डब्यावर घन पदार्थ ५० टक्के लिहिले असतील तर १० लिटर घ्यावे लागतील. ‘दोन हात मारले, झालं’ म्हणणारा रंगारी यातलं फार तर निम्मं लावतो. थर चार-पाच, आलटून पालटून दोन रंगांचे, म्हणजे कुठे सुटलं ते दिसतं.

बिडाची कील मात्र वेगळ्या गतीने करायची. ग्रायंडरने चकाकेपर्यंत घासलेलं बीड किनाऱ्याच्या हवेत तासा-दोन तासांत पिवळं पडतं. म्हणून एक माणूस अर्धा चौरस मीटर घासतो आणि दुसरा त्याच्या मागोमाग इपॉक्सी प्रायमर लावत जातो.

शेवटचा संरक्षक थर बोटाचा ठसा घेतो पण बोटाला लागत नाही, त्या अवस्थेत अँटिफाउलिंगचा पहिला हात द्या. मग घासायची गरज राहत नाही. २० चौरस मीटरला दोन हातांसाठी साडेचार लिटरच्या आसपास लागतं. पाच लिटर घ्या आणि उरलेलं पाणरेषेवर, कीलच्या आणि सुकाणूच्या पुढच्या कडेवर तिसरा हात म्हणून लावा. जहाजाचा उरलेला बिनलेबलचा रंग स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. कथिल असलेल्या अँटिफाउलिंगवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. जस्ताच्या अ‍ॅनोडवर (बुडाचे धातू गंजू नयेत म्हणून त्यांच्याऐवजी झिजणाऱ्या तुकड्यावर) रंगाचा एक शिंतोडाही नको, रंगलेला अ‍ॅनोड काहीच करत नाही. बोट खाडीच्या मचूळ पाण्यात उभी राहणार असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड बरा.

पाण्यात

उताराच्या धक्क्यावरून सोडायची असेल तर उधाणाच्या सगळ्यात मोठ्या भरतीला सोडू नका, एक-दोन दिवस आधी सोडा. त्या दिवशी रुतली तर पुढची भरती वाढती असते. मोठ्या भरतीला रुतलेली बोट भांग ओलांडून पुढच्या उधाणाची वाट बघत बसते.

क्रेनने उतरवत असाल तर पट्ट्या पूर्ण सोडण्याआधी प्रत्येक कॉक आणि ग्लँडपाशी टॉर्च घेऊन जा. मग इंजिन. ते पाच-सहा वेळा स्टार्टर मारूनही सुरू होत नसेल तर थांबा आणि समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा. इंजिन नुसतं फिरत असतानाही पंप पाणी ओढतच असतो; धुराड्यात ते बाहेर फेकायला दाब नसतो, ते साठतं आणि मागे सिलिंडरमध्ये जातं. सुरू झाल्यावर मागे वाकून बघा, धुराबरोबर पाण्याचे भपके येत नसतील तर लगेच बंद.

तारा ताणताना दोन मीटरची पट्टी वापरा. सैल पण सरळ तारेवर खालच्या टोकापासून दोन मीटर मोजून खूण करा आणि आवळायला लागा. तार एक मिलिमीटर लांबली की ताण तिच्या तुटण्याच्या बळाच्या साधारण ५ टक्के. मुख्य तारांना तीन मिलिमीटर, म्हणजे १५ टक्के. १०-१२ नॉट्सच्या वाऱ्यात बोट कलल्यावर खालच्या बाजूची तार थोडी ढिली दिसावी, लोंबू नये. मग पिना घाला आणि त्यांवर टेप गुंडाळा, शिडं त्यांवरच फाटतात.

नांगर टाकताना मुंबईत हमखास होणारी चूक म्हणजे ओहोटीला खोली मोजणं. ओहोटीला ३ मीटर पाणी, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची १ मीटर, पाचपट म्हणून २० मीटर साखळी सोडली. भरती साडेचार मीटर चढली की हीच उंची साडेआठ मीटर होते आणि वीस मीटर साखळी अडीचपटसुद्धा उरत नाही. नांगर उभा ओढला जातो आणि मऊ चिखलातून सुटतो. हिशेब भरतीचा धरा: साडेआठ पाचा साडेबेचाळीस, दोर असेल तर सातपट. चिखलाला पसरट फाळांचा डॅनफोर्थ चांगला. तो टाकून इंजिन मागे घेत दोन मिनिटं हळू ओढा, म्हणजे फाळ पुरतात.

हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा हलका असतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा जोर धरतो. पहिली फेरी दहाच्या आत काढा. दुपारसाठी शीड निघण्याआधीच एकदा आखूड करून बांधायची तालीम करा, बोट धक्क्याला असतानाच. डोल जाळ्यांचे खुंट आणि तरंगते डबे यांच्या प्रवाहाकडच्या बाजूने जाऊ नका. पंख्यात दोर गुंतलाच तर मागे-पुढे गिअर मारू नका, इंजिन बंद करा आणि शिडावर मोकळं पाणी गाठा. मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६; मोबाइलवरून तटरक्षक दलाचा १५५४.

परत आल्यावर बुडातल्या फळ्या उचला. थोडं पाणी सापडेलच. त्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावा. खारं असेल तर कॉक, ग्लँड आणि कीलचे बोल्ट या क्रमाने बघा, प्रत्येकाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून. गोड असेल तर पिण्याच्या पाण्याची टाकी, किंवा पावसाचं लपून राहिलेलं पाणी. आणि मचूळ लागलं, वर डिझेलचा वास आला, तर सगळं उपसून बूड पुसून कोरडं करा आणि उद्या सकाळी पुन्हा चाखा.